सरस अजून ओला आहे

झुमरेतला जाग आली तेव्हा समोर एक माणूस किल्ल्यांचा जुडगा हातात धरून उभा होता. बराच वेळ उभा असावा, कारण तो या पायावरून त्या पायावर भार टाकत होता.

"अहो," तो हळूच म्हणाला, "दुकान उघडायचंय. तुम्ही दाराला टेकून झोपलायत."

ती दचकून सरळ झाली. आधी मांडीवरचं चादरीत गुंडाळलेलं दुतार, ते दोन तारांचं वाद्य, चाचपलं, मग डोक्यावरचा घसरलेला रुमाल. तोंडाला कोरड पडली होती आणि मान अशी आखडली होती की वळवताना डोळ्यांत पाणीच आलं. परक्या शहरात, भर बाजारात, दुकानाच्या फळीला डोकं टेकून आपण झोपलो... तिकडे उत्तरेला, आपल्या घुल्जात, कुणी पाहिलं असतं तर लोकांनी आठवडाभर चघळलं असतं.

"दहाला उघडतं म्हणून सांगितलं होतं मला," तिने उलट त्यालाच धारेवर धरलं आणि मनगट त्याच्यापुढे केलं. "बारा वाजले. ही काय वेळ झाली दुकान उघडायची?"

त्याने घड्याळाकडे पाहिलं. मग तिच्याकडे पाहिलं.

"तुमचे बारा सरकारी," तो म्हणाला. "घरचे दहाच वाजलेत."

झुमरेतने डोळे मिटले. काशगरात दोन घड्याळं चालतात, आणि तशी ती घुल्जातही चालतात. कचेऱ्या, दवाखाने आणि बसगाड्या सरकारी वेळेवर, म्हणजे दूरच्या राजधानीच्या. चहा, लग्नं, बाजार आणि भांडणं घरच्या वेळेवर, म्हणजे दोन तास मागे. माणूस कळायला लागल्यापासून मनातल्या मनात दोन मिळवत आणि दोन वजा करत जगतो, त्याचं कुणाला काही वाटत नाही. पण झुमरेत बाळंतिणींच्या वॉर्डात नर्स होती. दहा वर्षं पाळ्या करून तिचं मनगटसुद्धा सरकारी झालं होतं. त्यात तीन दिवसांचा बसचा प्रवास. दहा म्हणजे दहा, असं धरून ती दहाच्या ठोक्याला येऊन बसली होती, आणि बसल्याबसल्या तिचा डोळा लागला होता.

"म्हणजे मी दोन तास इथे..."

"मी आल्यापासून तरी झोपलाच होतात."

"तुम्ही कधी आलात?"

त्याने उत्तर द्यायच्याऐवजी कुलपात किल्ली घातली. कान मात्र लाल झाले होते.

त्याचं नाव सावुत. पस्तिशीचा, हडकुळा, भुवयांवर लाकडाचा भुसा कायमचा बसलेला. दुकान म्हणजे गल्लीकडे उघडी असलेली एकच खोली. भिंतीवर दुतार, रवाप, तंबूर टांगलेले आणि जमिनीवर तुतीच्या लाकडाचे ओंडके. त्याने तिच्या हातातून दुतार घेतलं, चादर बाजूला केली आणि ते उजेडाकडे वळवलं.

"हे अब्बांच्या हातचं आहे," तो म्हणाला.

"माझ्या आईचं." झुमरेतने खाली बसकण मारली. "आई शरदात गेली. घर आवरताना कपाटावरून पडलं. तिकडच्या कारागिरांनी हात लावायला नकार दिला. म्हणाले, ज्याने केलं त्यालाच उघडता येईल."

"ज्याने केलं ते चार वर्षांपूर्वी गेले. मी आहे." त्याने दुतारच्या भोपळ्यावरच्या लांब चिरेवरून अंगठा फिरवला. "पोट उघडावं लागेल. मग नवा सरस लावून बांधून ठेवायचं, सरस वाळेपर्यंत."

"किती दिवस?"

सुतारकामात चामडं उकळून काढलेल्या गोंदाला सरस म्हणतात, हे तिला ठाऊक होतं. तो वाळायला किती वेळ लागतो ते मात्र ठाऊक नव्हतं. सावुतने तिच्याकडे पाहिलं. तिच्या डोळ्यांखालची काळी वर्तुळं, सुजलेले पाय, दोन बोटांनी कपाळ दाबून धरायची सवय.

"पाच दिवस," तो म्हणाला.

"लागू देत," झुमरेत म्हणाली, आणि आपल्याला इतकं हायसं का वाटलं ते तिला कळलं नाही.

खरं तर कळलं होतं. घुल्जात मावशी तिच्या उत्तराची वाट पाहत बसली होती. रस्ते खात्यातल्या एका विधुराचं स्थळ आलं होतं. माणूस वाईट नव्हता. गाडी होती, दात सगळे शाबूत होते, दोन मुलं आजीकडे होती. मावशी म्हणाली होती, "काशगरला जाऊन ये, दुतार दुरुस्त करून आण, पण आल्याबरोबर हो की नाही ते सांग. तुझ्या 'बघू'ने माझं वय वाढलं." झुमरेत दोन वर्षं अंथरुणाला खिळलेल्या आईचं करत होती, आणि दहा वर्षं दुसऱ्यांच्या बायकांचं. तिला लग्नाचा कंटाळा नव्हता. तिला उत्तरं द्यायचा कंटाळा आला होता. बसमध्ये तीन दिवस तिने एकच गोष्ट ठरवली होती. परत जायचं आणि हो म्हणून टाकायचं, कारण नाही म्हणायला जास्त बोलावं लागतं.

ती उतरली होती पाशाखानकडे. पाशाखान आईची लांबची बहीण, साठीची, त्याच गल्लीच्या तोंडाशी टोप्या विकायला बसायची. तिचे हात सुईवर असायचे आणि डोळे पार दुसऱ्या टोकापर्यंत.

दुसऱ्या दिवशी झुमरेत दुतारची चौकशी करायला गेली. म्हणजे ती तसं म्हणाली.

"ओला आहे अजून," सावुत म्हणाला. "बसा. चहा घ्या."

त्याने लोकरीचा नमदा झटकून पसरला. ती बसली. चहात दालचिनी होती, पेला गरम होता, बाहेरून कुणाच्या तरी हातोडीचा ठोका एका लयीत येत होता. सावुत पाठमोरा बसून दांडा घासत होता. तिने पेला खाली ठेवला, पाठ भिंतीला लावली, आणि परत झोपली.

उठली तेव्हा अंगावर स्वच्छ चादर होती आणि तो दांडा घासत नव्हता. कापडाचा बोळा घेऊन पुसत होता, अगदी हळू, आवाज येऊ नये म्हणून.

"घासायचं का थांबवलंत?"

"आज पुसायचाच दिवस होता."

"खोटं बोलताय."

"घुल्जाची माणसं बोलकी असतात म्हणून ऐकलं होतं," तो पाठमोराच म्हणाला. "झोपेतही बोलतात हे माहीत नव्हतं."

झुमरेत ताठ बसली. "काय बोलले मी?"

"'जोर लावा, बाई. अजून एकदा. आलंच आता.'" त्याने मान वळवली. चेहरा गंभीर होता, पण भुवयांवरचा भुसा हलत होता. "समोरचा तांबट थांबून ऐकत होता. मला वाटतं, त्यानेही थोडा जोर लावला."

ती हसली. हसता हसता तिने तोंडावर हात ठेवला, कारण स्वतःचा तो आवाज तिने कितीतरी दिवसांत ऐकला नव्हता.

मग ते रोजचंच झालं. ती दुपारी जायची, विचारायची, "वाळला का?" तो म्हणायचा, "अजून ओला आहे." मग चहा, दोन-चार वाकडी वाक्यं, आणि झोप. जगात कुठेही, कुणाच्याही घरी तिला अशी झोप लागली नव्हती. उठली की तिच्याजवळ काहीतरी ठेवलेलं असायचं. एकदा वाळवलेले जर्दाळू, एकदा अर्धा नान. ती विचारायची नाही, तो सांगायचा नाही.

"काय गं," तिसऱ्या दिवशी पाशाखानने तिला गल्लीच्या तोंडाशीच अडवलं, "दुतार दुरुस्त होतंय की तू?"

"सरस वाळला नाही अजून, मावशी."

पाशाखानची सुई थांबली. "काय नाही वाळलं?"

"सरस. ओला आहे म्हणतात."

"काशगरात?" पाशाखानने हातातली टोपी मांडीवर ठेवली. "इथे धुतलेला सदरा झटकेपर्यंत वाळतो, बाळा. आमचे हे लाकूडकामच करायचे. रात्री सरस लावला की सकाळी ठणठणीत. ओला म्हणे..." तिने पुन्हा सुई उचलली आणि डोळा न मारता डोळा मारला. "जा, जा. मी काही बोलले नाही."

झुमरेत गेली. पायऱ्या चढताना तिला दम लागल्यासारखं झालं, आणि पायऱ्या तर दोनच होत्या. तिने नेहमीसारखंच विचारलं, "वाळला का?"

"अजून ओला आहे," तो म्हणाला. त्याने तिच्याकडे पाहिलं नाही.

"असेल," झुमरेत म्हणाली. "आमच्याकडे तर महिना लागतो."

चौथ्या दिवशी धूळ पडली. या शहरात पावसाचं नाव काढत नाहीत, पण वसंतात एखाद्या दिवशी वाळवंटातून धूळ उठते आणि वारा न वाहता, आवाज न करता, वरून पडत राहते. छपरांवर, टरबुजांच्या गाड्यांवर, पापण्यांवर. सूर्य दुधात पडल्यासारखा फिका झाला. गल्लीतल्या लोकांनी फळ्या लावून घेतल्या. झुमरेत तोंडाला रुमाल बांधून आली तेव्हा सावुतने भर दुपारी कंदील लावला होता आणि निम्मं दार उघडं ठेवलं होतं. ते निम्मं कुणासाठी उघडं होतं हे विचारायची गरज नव्हती.

त्याने कापड ओलं करून तिच्यापुढे धरलं. तिने चेहरा पुसला. कापड तांबूस झालं.

"इथे राहिलं आहे," तो म्हणाला आणि स्वतःच्या कानामागे बोट लावून दाखवलं.

तिने पुसलं.

"इथे नाही, त्या बाजूला." त्याचा हात उठला, तिच्या कानापासून चार बोटांवर थांबला, आणि परत जाऊन कंदिलाची वात नीट करू लागला. वात आधीच नीट होती.

"आमच्याकडे आत्ता पाऊस असेल," झुमरेत म्हणाली. "सफरचंदांना फुलं आली असतील."

"आमच्याकडे हाच पाऊस."

"तुम्ही एकटेच राहता?"

"पाच वर्षं झाली. बायको यारकंदची होती. माहेरी गेली ती गेली." तो थोडा थांबला. "वाईट नव्हती. म्हणाली, तुमच्याजवळ राहून माणूस बोलायचं विसरतं. तुम्ही लाकडाशी जास्त बोलता."

"माझ्याशी तर बोलता."

"तुम्ही झोपलेल्या असता."

बाहेर धूळ पडत होती. झुमरेतला वाटलं, आता काहीतरी होईल. त्याने बोलायला तोंड उघडलंही. पण दहा वर्षं खरं बोलायची सवय लागलेल्या बाईला गप्प बसता येत नाही, आणि तिने त्याच वेळी रस्ते खात्यातल्या माणसाचं सांगून टाकलं. गाडी, दोन मुलं, मावशी, उत्तर. सगळं एका दमात.

सावुतने ऐकून घेतलं. हातातल्या पटाशीची धार अंगठ्यावर बघितली.

"चांगलं स्थळ आहे," तो म्हणाला.

"चांगलं आहे?"

"तिकडे पाऊस आहे. सफरचंदं आहेत. गाडी आहे." तो पटाशीशीच बोलत होता. "इथे काय आहे?"

झुमरेतला इतका राग आला की तिची झोपच उडाली. ती त्या दिवशी न झोपता परत गेली, आणि पाशाखानच्या अंगणात बसून उगाचच एक किलो गाजरं किसली.

पाचवा दिवस बुधवारचा. दुसऱ्या दिवशी तिची बस होती. धूळ बसली होती, पण सगळ्या गल्लीवर राखाडी थर होता आणि माणसं केरसुण्या घेऊन एकमेकांच्या दारात धूळ लोटत होती. झुमरेत दुकानाच्या पायरीवर उभी राहिली, आत गेली नाही.

"वाळला का?"

त्याने हातातला बोळा खाली ठेवला. मग म्हणाला, "आज रात्रीत वाळेल."

"उद्या बस आहे माझी." तिकिटावर छापलं होतं दोन, म्हणजे सरकारी दोन. पण पहिल्या दिवशीची फजिती तिला आठवत होती. हा माणूस घरच्या वेळेत जगतो, त्याच्या वेळेतच सांगावं म्हणून तिने मनातल्या मनात दोन वजा केले, आणि एवढ्या थकव्यातही आपल्याला हे सुचलं याचं तिला बरं वाटलं. "बारा वाजता. दुतार तिथे आणून द्या."

"बारा," तो म्हणाला.

"आणि सावुत आका..." थोरल्या भावाला म्हणतात तसं आका म्हणून तिने पायरीवरची धूळ बुटाने बाजूला सारली. "काही बोलायचं असेल तर तेही घेऊन या. मी आता कुणाच्या मनातलं ओळखत बसणार नाही. दमले मी. तुम्ही बोललात तर ऐकेन. नाही आलात तर समजेन, आणि तिकडे जाऊन हो म्हणेन."

ती वळून चालायला लागली. मागे वळून पाहिलं नाही, कारण पाहिलं असतं तर पायरीवरच बसली असती.

गुरुवारी सकाळी ती मुद्दामच लवकर निघाली नाही. त्याच्याआधी तिथे पोचून वाट बघत बसायचं नाही, एवढं तिने ठरवलं होतं. पाशाखानने नान बांधून दिले, गळ्यात पडली, आणि काय बघायचं ते बघून म्हणाली, "जीव थोडा करू नकोस गं. हा माणूस उशिराच पेटणारा आहे, बापासारखा."

बसच्या तळावर पोचली तेव्हा घरचे साडेअकरा झाले होते. तिची बस एका कडेला उभी होती, टपावर गाठोडी चढत होती. तिने तळ नजरेखालून घातला. टरबूजवाले, पोतेवाले, दोन भांडणारे ड्रायव्हर, समशांची, म्हणजे मटणाच्या समोशांची, भट्टी. भट्टीशेजारच्या लाकडी बाकावर सावुत बसला होता. मान एका बाजूला कलंडली होती, मांडीवर चादरीत गुंडाळलेलं दुतार, त्याच्याभोवती दोन्ही हात. तो गाढ झोपला होता.

"त्याला उठवू नकोस, पोरी," भट्टीवाला म्हातारा लांब चिमट्याने समसा काढत म्हणाला. "आत्ता कुठे डोळा लागलाय बिचाऱ्याचा. बस चुकली."

"त्यांची?"

"त्याची कशाला असेल? त्याच्या कुणाची तरी." म्हाताऱ्याने समसा कागदावर ठेवला. "दहाला धापा टाकत आला. विचारतो, घुल्जाची सरकारी बाराची गाडी कुठे? मी म्हटलं, सरकारी बारा म्हणजे आपले दहा, ती काय चालली. उत्तरेची एक गाडी फाटकातून बाहेर पडत होती. हा निघाला तिच्यामागे. ते वाद्य छातीशी धरून पार पुलापर्यंत पळाला. लोक बघताहेत, कुत्री मागे लागलीत. परत आला तो असा पांढराफटक."

झुमरेतने पिशवी खाली ठेवली.

"मी म्हटलं, घरी जा बाबा. म्हणाला, घरी काय आहे? आणि बसला. थोडा वेळ बडबडत होता. मला म्हणतो, आका, सरस पहिल्याच दिवशी वाळला होता." म्हाताऱ्याने खांदे उडवले. "आता मला काय करायचंय त्याच्या सरसाशी? मी समसे विकतो."

ती बाकापुढे जाऊन उभी राहिली. त्याचे बूट गुडघ्यापर्यंत धुळीने माखले होते. भुवयांवर भुसा होताच, त्यावर आता धूळ. रात्रभर जागलेला असावा. तिला त्याला उठवायचं होतं आणि उठवायचं नव्हतं. ती या पायावरून त्या पायावर भार टाकत राहिली, आणि मग एकदम तिला कळलं की पाच दिवसांपूर्वी, दुकानासमोर किल्ल्या हातात घेऊन, तो किती वेळ उभा असेल.

"अहो," ती हळूच म्हणाली.

त्याने डोळे उघडले. तिला पाहिलं. पण त्याचा विश्वास बसल्यासारखा दिसला नाही.

"तुम्ही गेलात," तो म्हणाला.

"कुठे?"

"बाराच्या गाडीने."

"बारा वाजायचेत अजून."

"कधीच वाजले. तुमचे बारा म्हणजे सरकारी. तुम्ही दवाखान्यातल्या, म्हणून मी..." तो थांबला.

"मी तुमचे बारा सांगितले होते," झुमरेत म्हणाली. "घरचे. तुम्हाला समजावं म्हणून."

"आणि मी ते तुमचे धरले."

दोघं एकमेकांकडे बघत राहिले. मग झुमरेत त्याच्या शेजारी बाकावर बसली आणि हसायला लागली. हसता हसता तिच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं आणि ते थांबेना. शरदापासून आत अडकून बसलेलं सगळं त्या हसण्याच्या आडून बाहेर पडत होतं. सावुत गोंधळून नुसता बघत होता. मग त्याने स्वतःच्या डोक्यावरची टोपी काढून तिच्यापुढे धरली, कारण खिशात रुमाल नव्हता. तिने ती घेतली आणि खरोखरच त्या टोपीने डोळे पुसले.

"लवकर निघणार होतो मी," तो म्हणाला. "पण सरस ओला होता."

"पुरे झालं हो आता."

"नाही, आज खरंच ओला होता." तो तिच्याकडे न बघता, पण पहिल्यांदाच न थांबता बोलत होता. "पहिल्या रात्रीत वाळला होता. दुसऱ्या दिवशी तुम्ही झोपलात. तुम्ही गेल्यावर मी जोड परत उघडला. तिसऱ्या दिवशीही तेच केलं. चौथ्या दिवशीही. अब्बांनी पाहिलं असतं तर हातोडीने हाणलं असतं. काल रात्री शेवटचा लावला, नीट, कायमचा. सकाळी हात लावला तर चिकट. इतक्या दिवसांचं खोटं एकदम खरं झालं. वाळेपर्यंत बसून राहिलो आणि उशीर झाला."

"बोलायचं होतं ते हेच?"

"हे नाही." त्याने दुतार नीट धरलं. "माझ्या दुकानात येऊन आजवर कुणी झोपलं नव्हतं. लोक येतात, घासाघीस करतात, जातात. तुम्ही आलात आणि पाठ टेकलीत. मला वाटलं, मी काहीतरी बरं केलं असेल आयुष्यात, म्हणून एवढ्या दमलेल्या माणसाला इथे झोप लागते. माझ्याकडे गाडी नाही. इथे धूळ आहे. मला गोड बोलता येत नाही. पण तुम्ही हवा तेवढा वेळ झोपा. मी घासणार नाही. पुसेन." तो थांबला. "झालं. एवढंच आणलं होतं."

भट्टीवाला म्हातारा पाठ करून उभा होता आणि एकही समसा काढत नव्हता. जळका वास सुटला होता.

झुमरेतने हात पुढे करून चादर बाजूला केली. दुतारच्या पोटावरची चीर आता केसाएवढी होती, बघणाऱ्यालाच दिसेल अशी. तिने त्यावर बोट टेकवलं. कोरडं, ठणठणीत. तिने बोट उचलून त्याला दाखवलं.

"ओला आहे," ती म्हणाली.

त्याने तिच्या बोटाकडे पाहिलं. "नाही, आता तर..."

"ओला आहे म्हणते ना. असा कसा नेऊ मी? वाटेत उघडेल." तिने चादर परत गुंडाळली, गाठ मारली, आणि दुतार त्याच्या मांडीवर ठेवलं. "राहू दे तुझ्याकडे. मी न्यायला येते."

तिने 'तुझ्याकडे' म्हटलं हे तिला नंतर कळलं. त्याला लगेच कळलं असावं, कारण कान लाल झाले.

"आणि तिकडची मावशी?"

"मावशीला नाही म्हणून सांगायला जातेय. असलं तोंडावर सांगावं लागतं. मग बदलीचा अर्ज. काशगरात बायका बाळंत होतात की नाही?"

"गल्लीतल्या तर थांबतच नाहीत."

"मग झालं तर."

ड्रायव्हरने भोंगा वाजवला. दोघं उठले. तो तिची पिशवी घेऊन बसच्या दारापर्यंत आला. दुसऱ्या हातात दुतार होतं, त्यामुळे निरोपाला हात मोकळा नव्हता, आणि ते बरंच झालं, कारण आजूबाजूला अर्धं काशगर होतं.

"कधी येशील?" त्याने विचारलं.

"तुती पिकल्या की."

"तुमच्याकडच्या की आमच्याकडच्या? आमच्या आधी पिकतात."

झुमरेत पायरीवर चढली आणि वळली. "आधी ज्या पिकतील त्या," ती म्हणाली.

बस फाटकातून बाहेर पडली. तो बसमागे धावला नाही. एका दिवसात दोनदा कोण धावणार? तो तिथेच उभा राहिला, दुतार छातीशी धरून, आणि हळूहळू धुळीमागे दिसेनासा झाला. पुलावर आल्यावर झुमरेतने मनगटावरच्या घड्याळाची चावी बाहेर ओढली. दहा वर्षांत ती कधी ओढलीच नव्हती, त्यामुळे नख लावून काढावी लागली. तिने काटे दोन तास मागे फिरवले आणि चावी आत दाबली.

शेजारी एक म्हातारी नानचा तुकडा तोडत बसली होती. "किती वाजले गं पोरी?"

"बारा वाजून दहा."

"सरकारी की घरचे?"

"घरचे," झुमरेत म्हणाली.

तिने खिडकीला डोकं टेकलं आणि डोळे मिटले. पुढे तीन दिवसांचा रस्ता होता. बराच वेळ ती तशीच बसून राहिली, पण काही केल्या तिला झोप येईना.